क्लोज्ड-बॅक हेडफोनचा बेस आज आहे उद्या नाही, असं होत असेल तर

तक्रार बहुतेक एकच असते, फक्त शब्द वेगळे. "घेतला तेव्हा मस्त वाजत होता, आता बेसच नाही." किंवा "काल मिक्स केलं तेव्हा पखवाज भरून येत होता, आज तीच फाइल पातळ वाटते." किंवा याच्या बरोब्बर उलट, हेडफोनवर सगळं छान वाटलं म्हणून फाइल पाठवली आणि गाडीत लावली तर नुसता घुमघुमाट, शब्द कळेना. आमच्याकडे गोव्यात पावसाळा लागला की हे प्रश्न वाढतात आणि चवथीच्या तोंडावर तर विचारूच नका, कारण आरत्या, भजनं, स्पर्धेच्या नाटकाचं पार्श्वसंगीत, सगळ्यांची रेकॉर्डिंगं तेव्हाच उरकायची असतात आणि तीही घरातल्याच एखाद्या खोलीत. मग माणूस काय करतो, आधी ईक्यू (सूर कमी-जास्त करायचं सेटिंग) लावून खालचं वाढवतो, मग इंटरफेसवर (कंप्युटरला माइक-हेडफोन जोडायचा डबा) संशय घेतो, मग वैतागून नवीन हेडफोन मागवतो. काही महिन्यांनी त्याच्यावर पण तेच रडगाणं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की क्लोज्ड-बॅकचा, म्हणजे कप मागून बंद असलेल्या हेडफोनचा, बेस एकटा ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) काढत नाही. ड्रायव्हर, पॅड (कानाभोवतीची गादी) आणि तुमचं डोकं यांच्यामध्ये जी थोडीशी हवा कोंडलेली असते तिच्यावर सगळा खेळ आहे. म्हणून तोच हेडफोन तुमच्या डोक्यावर वेगळा आणि माझ्या डोक्यावर वेगळा वाजतो, आणि तुमच्याच डोक्यावर सुद्धा सकाळी एक आणि संध्याकाळी एक वाजू शकतो. ही हवा नीट कोंडली आहे का, म्हणजे सील, तपासल्याशिवाय हेडफोन चांगला की वाईट यावर बोलू पण नये असं माझं मत आहे.

थोडं आतलं समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. खालच्या सुरांना ड्रायव्हरचा पडदा पुढे-मागे हलतो आणि कानासमोरच्या त्या बंद हवेवर दाब देतो, तो दाब म्हणजेच तुम्हाला ऐकू येणारा बेस. पॅडखाली कुठे फट राहिली की हवा तिथून निसटते, आणि सूर जितका खालचा तितका दाब जास्त निसटतो, कारण त्याला निसटायला वेळ जास्त मिळतो. त्यामुळे आधी जातो तो ३०-४० हर्ट्झचा सब-बेस, म्हणजे सगळ्यात खालचा बेस, फट वाढली की १०० च्या आसपासचं पण जायला लागतं, आणि गंमत म्हणजे वरचं सगळं जागेवरच असतं. म्हणजे आवाज बंद पडत नाही, खराब पण वाटत नाही, फक्त "पातळ" वाटतो, आणि म्हणूनच लोकांना दोष कुठे आहे ते कळत नाही. ओपन-बॅकला (कप मागून उघडा असतो तो) ही भानगड खूप कमी असते कारण तिथे मागून-पुढून हवा तशीही मोकळीच असते, त्याचा बेस मुळात थोडा कमी असेल पण रोज सारखा असतो.

आता टेस्ट. दोन मिनिटांचं काम आहे. ओळखीचं गाणं लावा ज्यात खाली सतत काहीतरी चालू आहे, बेस गिटार असेल तर उत्तम, तिची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ असते. हेडफोन घालून दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबा. हलकेच म्हणजे हलकेच, डोकं चेपायचं नाही. दाबल्यावर बेस एकदम भरून आला तर हेडफोन ठीक आहे, सील नाहीये. काहीच फरक नाही पडला तर सील चांगलं आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. मग एकेक बाजू वेगळी दाबून बघा, कारण बहुतेक वेळा एकाच बाजूला गळती असते आणि आपल्याला वाटतं की डावा ड्रायव्हर कमजोर झाला.

याच्या पुढे जायचं असेल तर फोनमध्ये टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अॅप घ्या आणि २०० हर्ट्झपासून हळूहळू खाली या, १००, ६०, ४०, ३०. खाली येताना आवाज कमी होत गेल्यासारखं वाटणारच, आपला कानच तसा आहे, खालच्या सुरांना तो कमी तिखट. पण सील असेल तर हे कमी होणं गुळगुळीत असतं आणि ३० ला पण काहीतरी हललेलं कळतं. सील नसेल तर एका ठिकाणानंतर धप्पकन पायरी उतरल्यासारखं होतं, पुढे नुसती शांतता. व्हॉल्यूम मात्र मध्यम ठेवा, काही ऐकू येत नाही म्हणून वाढवत बसू नका, ड्रायव्हरची पण वाट लागते आणि कानाची पण.

फट कुठे असते हे पण सांगतो. नंबर एक, चष्मा. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एक काका आहेत, त्यांनी रेकॉर्डिंग ऐकायला हेडफोन घातला आणि लगेच माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे बाबा, मी एवढी कणीक लावून धुम मिळवलेली, ती गेली खंय? हा तर डबा वाजतोय." मी काही न बोलता त्यांचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कप परत बसवला. दोन सेकंद गप्प. मग "आली रे, आली!" आणि हाताने ठेका सुरू. जाड प्लॅस्टिकची काडी कानामागे पॅडला उचलून धरते आणि तिच्या वर-खाली लांबट फट राहते, दिसत नाही पण असते. पातळ तारेची काडी असेल तर त्रास कमी. मिक्सिंग करणाऱ्याला चष्मा काढून चालत नाही, स्क्रीन दिसणार कशी, तर त्याने मऊ आणि जाड पॅडवाला हेडफोन घ्यावा आणि चष्मा घालूनच पारखावा, हे नंतर परत सांगणारच आहे.

दुसरं, केस. जाड वेणी, अंबाडा, कानावरून मागे ओढलेले केस, पॅडखाली केसांचा थर आला की हवा त्यातून मजेत जाते. गायिकांनी केस कपाच्या मागे घ्यायचे आणि मोठे कानातले काढून ठेवायचे, त्यात सील आणि कान दोन्ही वाचतात. तिसरं म्हणजे कानाच्या खालची-मागची जागा, जिथे जबडा संपून मान सुरू होते. तिथे खड्डा असतो आणि हेडबँड आखूड ठेवला की कप वरून टेकतो आणि खालून उघडा राहतो. दोन्ही बाजूंना एकेक क्लिक वाढवा, कप खाली सरकवा, परत ऐका. अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच सुटतो, खोटं नाही सांगत.

आता पॅडकडे येतो, आणि इथे गोव्याचं हवामान मधे येतं. बहुतेक स्टुडिओ हेडफोनचे पॅड पीयूचे, म्हणजे नकली लेदरचे असतात. पीयूचं आणि दमट हवेचं जुनं वैर आहे, ओलावा त्याच्या आतली रासायनिक साखळीच तोडत जातो आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटायला लागतो. कानावर काळे काळे कण चिकटलेले दिसले की समजा हे सुरू झालं. बऱ्याच जणांना वाटतं घामाने होतं, घामाने लवकर होतं हे खरं, पण न वापरता कपाटात ठेवलेल्या हेडफोनचं पण होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओला लागतो, तिथे कपाटातला बॉक्स कसा सुटणार. पापुद्रा गेला की खालचं कापड उघडं पडतं, कापडातून हवा जाते, म्हणजे सील गेलं. दिसायला पॅड जागेवरच असतो, बेस मात्र गेलेला.

त्याच्या आधी पण एक गोष्ट होते जी दिसत नाही. आतला फोम बसतो. नवीन पॅड अंगठ्याने दाबून सोडला की उसळून वर येतो, जुना दबलेलाच राहतो. फोम बसला की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, कानाची पाळी आतल्या जाळीला टेकायला लागते, कोंडलेल्या हवेची जागा बदलते, मग बेसही बदलतो आणि वरचा ट्रेबलही. कधी टोचायला लागतो, कधी मंद होतो, हे मॉडेलवर आहे. हे इतकं हळू होतं की आपला कान रोज सवय करून घेतो आणि शेवटी दोष मिक्समध्ये जातो. म्हणून रोज वापरणाऱ्याने पॅड ही खर्चाची वस्तू धरावी, गिटारवाला तारा धरतो तशी. पापुद्रे दिसायची वाट बघू नये.

पॅड बदलताना दोन गोष्टी सांभाळा. एक, जुना पॅड काढल्यावर ड्रायव्हरसमोर बऱ्याच मॉडेलांत पातळ फोमची किंवा फेल्टची चकती असते, ती कचरा म्हणून फेकू नका. ती मुद्दाम ठेवलेली असते, वरचे सूर आवरायला. ती गेली की "स" आणि झांज कानात घुसायला लागतात आणि मग माणूस म्हणतो नवीन पॅड खराब. फोम पिचून भुकटी झाला असेल तर तेवढ्याच जाडीचा पातळ फोम कापून बसवा. दोन, बाजारात मिळणारे जाड, शीपस्किनचे, मखमली, भोकं पाडलेले असले पॅड आरामदायक असतात पण प्रत्येकाने आवाज बदलतो. नकली लेदरचा पॅड काढून मखमलीचा लावला की हवा कापडातून जाते आणि खालचं कमी होतं, हे जवळपास ठरलेलं. बायरडायनामिक डीटी ७७० प्रोचे बरेचसे प्रकार मखमलीच्या पॅडवर येतात आणि तरी त्यांचा बेस चांगला भारी असतो, पण ते अख्खं डिझाइनच त्या पॅडला धरून केलेलं आहे, त्यावरून आपल्या दुसऱ्या हेडफोनला मखमल लावून तसंच होईल असं नाही. आधी त्या मॉडेलचे ओरिजिनल पॅड लावा, ऐका, मग पाहिजे ते प्रयोग करा.

ठेवायचं कसं, तर झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. केशरी दाण्यांची मिळाली तर बरी, ओलावा भरला की रंग बदलतो आणि कळतं की आता तापवून सुकवायला हवी. वापरून झाल्यावर लगेच डब्यात टाकू नका, घाम थोडा सुकू द्या, कोरड्या सुती फडक्याने पुसा. सॅनिटायझर आणि स्पिरिट पॅडवर नको, पीयू कडक होऊन तडकतं. बुरशी आली म्हणून कडक उन्हात टाकणारे पण बघितलेत, तसं करू नका, सावलीत पंख्याखाली ठेवा.

सील ठीक, पॅड ठीक, आणि तरी बेस नाही? मग वायर. इथे दोन दोष असे आहेत की लक्षण ऐकूनच ओळखता येतात. पहिला, गाण्यातला मुख्य आवाजच गायब होतो, गायक कुठेतरी लांब विहिरीत आणि बाजूची वाद्यं, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) तेवढं स्पष्ट, बेस पण गेलेला. हे फाइलचं नाही आणि ड्रायव्हरचं पण नाही. जॅकचं टोक डावं, मधली रिंग उजवी आणि मागचा लांब भाग दोघांचा कॉमन, तो कॉमन तुटला की करंट एका ड्रायव्हरमधून दुसऱ्यात जातो आणि तुम्हाला डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. मधोमध ठेवलेलं सगळं, म्हणजे गायक, बेस, तालवाद्याचा मुख्य ठोका, दोन्हीकडे सारखं असल्यामुळे कटून जातं. खात्री करायची तर मोनो (दोन्हीकडे सारखंच असलेलं) रेकॉर्डिंग लावा, जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. आधी जॅक पूर्ण आत गेलाय का बघा, छोट्या जॅकवरचा मोठा अॅडाप्टर फिरवून घट्ट करा, समुद्राजवळ राहत असाल तर सॉकेटमधला गंज पण बघा, खारी हवा कॉन्टॅक्ट खाते. नाहीतर जॅकजवळची वायर वाकवून ऐका, आवाज येऊन जाऊन करत असेल तर तिथेच कापून नवीन जॅक सोल्डर करायचा, सोनी एमडीआर-७५०६ सारख्या हेडफोनला वायर सुटी होत नाही त्यामुळे दुसरा उपायच नाही, ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सची मात्र काढून बदलता येते.

दुसरा दोष रिपेरिंगनंतर येतो. सोल्डर करताना एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या की दोन ड्रायव्हर एकमेकांच्या उलट हलतात. आवाज दोन्हीकडून येतो, मोठा पण असतो, म्हणून दुकानात "चालू झाला" म्हणून घेऊन येतो आपण. घरी आल्यावर बेस पोकळ लागतो आणि गायक डोक्याच्या मधे बसायच्या ऐवजी सगळीकडे पसरल्यासारखा, थोडा वेळ ऐकलं की डोकं जड. मोनो आवाज लावा, एखाद्याचं नुसतं बोलणं पण चालेल, तो नाकाच्या सरळ रेषेत डोक्यात एका बिंदूवर बसला पाहिजे. नाही बसला तर एका बाजूच्या तारा अदलाबदल करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

डावं-उजवं कमी-जास्त वाटत असेल तर हेडफोन उलटा घाला. कमी बाजू हेडफोनबरोबर फिरली तर दोष हेडफोनात, त्याच कानाकडे राहिली तर कानात, आणि बहुतेक वेळा तो मळ असतो, कानाच्या डॉक्टरकडे जा, काडी घालू नका. खालच्या सुरांना एका बाजूने चरचर किंवा खरखर येत असेल तर ड्रायव्हर फाटलाय असं लगेच समजू नका, डोक्याचा एखादा केस जाळीतून आत जाऊन पडद्याला टेकला तरी असंच वाजतं. टोन जनरेटर ६० पासून ३० पर्यंत फिरवा, एका ठरावीक जागीच खरखर येईल. पॅड काढून उजेडात बघा आणि चिमट्याने केस बाहेर घ्या, पडद्याला हात न लावता.

सॉफ्टवेअरचं पटकन उरकतो. विंडोजमधलं ऑडिओ एन्हान्समेंट आणि स्पेशियल साउंड बंद करा, फोनमधलं डॉल्बी बंद करा, प्लेयरमध्ये कोणीतरी लावून ठेवलेला ईक्यू बघा. ब्लूटूथवाला हेडफोन असेल आणि मिटिंगच्या अॅपने त्याचा माइक पकडला असेल तर आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, ते अॅप बंद केलं की येतो परत. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर खाली घूं आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा, तो बेस नाही, अर्थिंगचा प्रश्न आहे.

ओहमबद्दल, म्हणजे हेडफोन करंटला किती अडवतो त्या आकड्याबद्दल, फार गैरसमज आहेत म्हणून थोडं थांबतो. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहमला मिळतो आणि लोक समजतात की २५० म्हणजे भारी क्वालिटी. तसं काही नाही. जास्त ओहमला जास्त व्होल्टेज लागतं, फोनला किंवा स्वस्त इंटरफेसला लावला तर पुरेसा मोठा वाजणार नाही, आणि मोठा वाजत नाही म्हणून पातळ वाटेल. उलटी भानगड पण असते. काही जुन्या मिक्सरच्या, अॅम्पच्या हेडफोन आउटचा स्वतःचा इंपिडन्स (हाच ओहममधला अडथळा) शंभर-सव्वाशे ओहमपर्यंत असतो. त्यावर ३२-३८ ओहमचा हेडफोन लावला की ज्या जागी ड्रायव्हरचा इंपिडन्स वर चढतो, म्हणजे बहुधा बेसच्या वरच्या भागात, तिथे आवाज फुगतो. म्हणून हॉलच्या मिक्सरवर ऐकताना बेस गुबगुबीत आणि घरी इंटरफेसवर तोच हेडफोन सरळ, असं होतं. आउटपुटचा इंपिडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा असा साधारण हिशेब धरतात. नाहीतर निदान एवढं तरी करा, पारख आणि मिक्स एकाच आउटवर करा.

आता पारखण्याबद्दल, कारण बेस परत आला तरी "हा हेडफोन चांगला का" हा प्रश्न उरतोच. सगळ्यात मोठी फसवणूक आवाजाच्या पातळीची असते. दोन हेडफोन एकाच जॅकवर, एकाच व्हॉल्यूमवर लावून तुलना करणं म्हणजे काहीच नाही, सोनी ७५०६ सारखा ६३ ओहमचा, जास्त सेन्सिटिव्ह हेडफोन २५० ओहमच्या डीटी ७७० पेक्षा त्याच व्हॉल्यूमला कितीतरी मोठा वाजतो, आणि जो मोठा वाजतो तोच भरीव वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून ठेवलंय की आवाज हळू केला की कानाला खालचे सूर जास्त कमी ऐकू येतात. म्हणून आधी पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला सळसळाट) किंवा एखाद्याचं साधं बोलणं लावून दोन्ही सारखे वाटतील असे व्हॉल्यूम ठरवा, त्या जागा लिहून ठेवा, मग गाणं लावा. घाईघाईत अदलाबदल केली तरी सील दरवेळी तपासा, हे विसरलं की सगळी मेहनत पाण्यात.

दुसरी फसवणूक बाहेरच्या आवाजाची. क्लोज्ड-बॅक म्हणजे बाहेरचं सगळं बंद असं वाटतं, पण नुसते पॅड वरचे सूर अडवतात, खालचे फारसे अडवत नाहीत. सेनहायझर एचडी २८० प्रोच्या कागदावर ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवतो असं लिहिलंय, त्यातलं "पर्यंत" लक्षात ठेवा. कोपऱ्यावर उभ्या कदंबा बसचं इंजिन, शेजाऱ्याचा जनरेटर, पाच नंबरवरचा पंखा, यांची घरघर आत येते आणि गाण्यातल्या बेसला झाकते. पत्र्यावर पाऊस पडत असताना तुम्ही मिक्समध्ये खालचं जास्त वाढवता आणि सकाळी पाऊस थांबल्यावर तेच घुमतं, तर यात हेडफोनचा काही दोष नाही. मोठ्या पावसात मी तरी कटिंग, ट्यूनिंग, साफसफाई असली कामं करतो आणि बेसचे निर्णय मागे ठेवतो. घुमट (आमचं मातीच्या मडक्याचं तालवाद्य) आणि पखवाज एकाच ट्रॅकवर असतील तर हे पाळाच, कारण घुमटाचा घुमारा आणि पखवाजाची धुम खाली एकमेकांच्या अंगावर येतात आणि घरघरीत कुठलं कोण ते कळत नाही.

आता ग्राफ, म्हणजे कुठला सूर किती मोठा वाजतो ते दाखवणारी रेघ, बघणाऱ्यांसाठी. "फ्लॅट" हेडफोन म्हणजे ग्राफवर सरळ रेघ असं नसतं. आपला कान ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच आवाज वाढवतो, कप कानावर बसल्यावर ते हेडफोनला भरून द्यावं लागतं, म्हणून तिथे टेकडी असलीच पाहिजे. ऑडिओ संशोधक शॉन ऑलिव्ह आणि हार्मन कंपनीच्या लोकांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून जो टार्गेट (हेडफोनचा आदर्श ग्राफ) बनवला त्यात ती टेकडी आहे आणि खाली बेस थोडा उचललेला आहे, २०१९ मध्ये आलेला एकेजी के३७१ त्याच्या बराच जवळ जातो. पण ग्राफ मशीनच्या डोक्यावर, चांगलं सील बसवून काढलेला असतो. त्या डोक्याला चष्मा नसतो आणि वेणी पण नसते. त्यामुळे ग्राफवरचा सब-बेस तुम्हाला मिळेलच असं नाही, आणि ८-९ हजारच्या वरची शिखरं-दऱ्या तर माणसागणिक बदलतात, त्यावरून भांडण नको. ग्राफ मी मिड (मधले सूर) बघायला वापरतो, ५०० ते ४००० च्या मधे मोठा खड्डा आहे का, कारण गायकाचा आवाज, हार्मोनियम, नाटकातले संवाद सगळं तिथेच राहतं आणि तिथला खड्डा सील सुधारून भरत नाही. बेस कमी-जास्त असलेला हेडफोन सवयीने वापरता येतो, मिड वाकडा असलेला नाही.

"बर्न-इन करा, शंभर तास वाजू द्या" असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. थोड्या दिवसांनी आवाज बदलतो हे खरं, पण त्यात मोठा वाटा पॅड मऊ होऊन तुमच्या डोक्याला बसण्याचा आणि कानाला सवय होण्याचा असतो. म्हणजे परत सीलच.

आणि गायकाच्या कानावर घालायचा असेल तर पारख वेगळी. तिथे आवाज किती खरा यापेक्षा क्लिक (तालासाठी कानात दिलेली टिकटिक) बाहेर किती गळते ते महत्त्वाचं. सील सुटलं की गायकाला बेस कमी आणि स्वतःचा सूर पण नीट ऐकू येत नाही, तो म्हणतो "अजून वाढव", आपण वाढवतो, आणि तीच टिकटिक माइकमध्ये जाऊन बसते. एका कानावरून कप सरकवून गायची सवय असलेले खूप आहेत, भजनवाले तर हमखास, त्यांना तसंच गाऊ द्या, पण उघड्या बाजूचा आवाज मिक्सरवर पूर्ण बंद करून दुसऱ्याच बाजूला द्या.

नवीन घ्यायचाच असेल तर. आपल्याकडे पणजी-मडगावला दुकानात जाऊन चार मॉडेल शांतपणे ऐकायला मिळतील याची खात्री नाही, आणि बाजारातल्या गोंगाटात ऐकून बेसचं काही कळत पण नाही, त्यामुळे शेवटी ऑनलाइनच मागवला जातो. मग परत करण्याची मुदत किती आहे ते आधी वाचा आणि तेवढे दिवस त्याला कामाला लावा. चष्मा असेल तर चष्मा घालून, केस नेहमी असतात तसे ठेवून, ज्या जॅकवर काम करणार त्याच जॅकवर. पहिल्या दिवशी फक्त टोन फिरवून दोन्ही बाजूंचं सील आणि मोनो आवाज मधोमध बसतो का ते बघा. मग तुमचं स्वतःचं एखादं जुनं मिक्स लावा ज्याची गाडीत, स्पीकरवर, फोनवर काय गत होते ते तुम्हाला माहीत आहे, त्यातला माहीत असलेला दोष या हेडफोनवर दिसला तर हेडफोन कामाचा. सगळंच गोड ऐकवणारा असेल तर गाणी ऐकायला ठेवा, कामाला नको. एकदा तासभर सलग घालून बसा, जबडा दुखला किंवा घामाने पॅड सरकायला लागला तर आपल्या उकाड्यात तो टिकणार नाही. आणि पैसे द्यायच्या आधी त्या मॉडेलचे ओरिजिनल पॅड सुटे मिळतात का आणि कितीला, ते शोधून ठेवा. मिळत नसतील तर कितीही चांगला वाजला तरी मी तो घेणार नाही.